दुरावलेले घर पुन्हा जवळ आले, तेव्हाचे तुमचे अनुभव

गेल्या आठवड्यात नागपूरहून काटोलला एस.टी.ने जात होते. आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा हिवाळ्याअखेरचा फुलोरा, फुटला आहे. खिडकीतून संत्र्याच्या फुलांचा वास आत आला आणि तीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवले, म्हणून हा धागा काढते आहे.

आई गेली त्यानंतरच्या वर्षी मी काटोलजवळच्या एका गावी शाळेत रुजू झाले होते आणि कामापुरतेच बोलत असे. शाळेला लागून ज्यांचा बगीचा होता त्यांचा मुलगा रोज शाळेच्या माठात विहिरीचे पाणी भरून जाई; त्याने माझी कधी विचारपूस केली नाही, पण ज्या दिवशी मी डबा उघडलेला नसे त्या दिवशी मृग बहाराची (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची) दोन संत्री टेबलावर ठेवलेली असत. त्याच्या त्या न विचारण्यानेच मी सावरले. पुढे आम्ही लग्न करायचे ठरवले, पण जात वेगळी म्हणून बाबांनी नकार दिला. आम्ही 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. ती 30 दिवस फलकावर होती. माझ्या घरून कोणी आक्षेप घेतला नाही आणि कोणी भेटायलाही आले नाही. साक्षीदार तिघे लागतात, ते तिघेही शाळेतले सहकारी होते.

बाबा नऊ वर्षे बोलले नाहीत. मग एका तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुले लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात त्या सणाला, आत्या माझ्या मुलाला लाकडी नंदी घेऊन माहेरच्या दारी घेऊन गेली. मी गल्लीच्या तोंडाशी थांबले. बाबांनी बोजारा, म्हणजे त्या दिवशी मुलांना देतात ते पैसे, द्यायला खिशात हात घातला, तेवढ्यात नंदीच्या मागच्या चाकाची खीळ निघालेली त्यांना दिसली. ते आतून हातोडी घेऊन आले, ओट्यावर बसून त्यांनी खीळ ठोकली, चाक दोनदा फिरवून पाहिले आणि म्हणाले, “तुह्या मायले सांग, जेवून जाय म्हना.”

भिवापूरहून
ताई, वाचून डोळे भरून आले. पहिले यजमान वारल्यावर मी नॅरोगेज गाडीने उमरेडला शिवणवर्गाला जात असे. त्याच डब्यात मिरचीचा व्यापार करणारे एक गृहस्थ असत आणि त्यांचीही पत्नी गेलेली होती. मी पुन्हा पोटभर जेवू लागले, हे सर्वांत आधी सासूबाईंच्या लक्षात आले. माझ्या भावांचे मन वळायला दोन वर्षे लागली, सासूबाईंचे मात्र एका संध्याकाळीच वळले. लग्नात कन्यादान त्यांनीच केले. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये ती गाडी बंद झाली, तेव्हा आम्ही दोघे तिला निरोप द्यायला स्टेशनवर गेलो होतो.

इतवारीतून
मी दुसऱ्या बाजूचा आहे. बहिणीने मनाने लग्न केले, वडिलांनी तिचे नाव टाकले आणि मी थोरला भाऊ असूनही गप्प राहिलो. अखेरच्या आजारपणात वडिलांनी तिच्या हातचा गोळाभात, म्हणजे डाळीच्या भरड्याचे गोळे घालून केलेला भात, मागितला. मी रामटेकला तिच्या दारात उभा राहिलो, तेव्हा तिने एक शब्दही न विचारता पिशवीत भरडा आणि चिंच भरली, मेहुण्यांनी गाडी काढली. वडिलांनी चार घास खाल्ले आणि वरून कडकडीत तेल आणखी मागून घेतले. त्यानंतर ते आठ दिवस होते आणि ते आठही दिवस मेहुणे त्यांच्या उशाशी होते. तोंड उघडायला मी इतकी वर्षे घेतली, याची खंत मला आजही आहे.

सावनेरहून
ताई, तुमचे बाबा पुढे जावयांशी मोकळेपणाने बोलू लागले का? आमच्याकडे येणे-जाणे सुरू झाले, पण वडील आणि माझे यजमान आजही एकाच ओसरीवर बसून वेगवेगळी वर्तमानपत्रे वाचतात.

धागाकर्ती
इतवारीच्या दादा, तुम्ही दारात जाऊन उभे राहिलात. माझ्या भावाने तेही केले नाही.

सावनेरच्या ताई, जुना विषय बाबांनी कधीच काढला नाही. मात्र त्यानंतरच्या डिसेंबरात, झाडांना ताण दिलेला, म्हणजे बहारासाठी त्यांचे पाणी तोडलेले असताना, त्यांचा पहिल्यांदा फोन आला. मी उचलला तर म्हणाले, “जावयाले दे. पानी कधी सोडू, इचारायचं हाये.” चाळीस वर्षे संत्र्याची बाग केलेला माणूस होता तो.