सातारा हिल हाफची तयारी: लांब पळण्याआधी, पळताना आणि नंतर काय खायचं?

घाटवाट_सातारा

वजन ६२ किलो, वय ३४. आठवड्यात चार दिवस पळणं आणि दोन दिवस जिम. यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय. रविवारी पहाटे साडेपाचला निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने थोडं पुढे जाऊन परत फिरायचं, असे १६ ते १८ किलोमीटर सव्वादोन तासांत होतात. चढ नीट जातो. पण १३-१४ किलोमीटरनंतर पाय गळतात, डोकं हलकं होतं आणि उतारावर उजव्या बरगडीखाली चमक धरते.

सध्याचं खाणं असं: शनिवारी रात्री ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, ताक. पहाटे कपभर चहा, बाकी काही नाही. पळताना सोबत अर्धा लिटर साधं पाणी, तेही बहुतेक परत फिरल्यावर एकदम संपतं. घरी आल्यावर चहा-पोहे, मग थेट एक वाजता जेवण.

यात नेमकं काय चुकतंय? जेल (पळताना घ्यायच्या घट्ट गोड पाकाच्या पुड्या) घ्यावेत की घरचं चालेल? प्रोटीन पावडर लागते का? आणि श्रावणात सोमवारचा उपवास असतो, तो या सरावात कसा बसवायचा?

वेळ_आणि_वाटी

पाय १४ किलोमीटरला गळत असले तरी कारण आदल्या संध्याकाळपासूनच सुरू होतं. पळताना दोन साठे वापरले जातात. एक स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, साधारण ४०० ग्रॅम. दुसरा यकृतातला, जेमतेम ८० ते १०० ग्रॅम. रक्तातली साखर टिकवायचं काम यकृतातल्या साठ्याचं असतं आणि रात्रभराच्या झोपेत तो बराचसा संपतो. त्यावर फक्त चहा घेऊन घाट चढलात की दीड तासाने डोकं हलकं होणारच.

आता तुमच्या शनिवारच्या जेवणाचा हिशोब. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे ४० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं, म्हणजे पिठूळ-गोड भाग) आणि ६ ग्रॅम चोथा. दोन भाकऱ्या आणि उसळ मिळून कार्ब १०५ ग्रॅमच्या आसपास, पण चोथा २० ग्रॅमच्या घरात. लांब पळण्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला दिवसभरात वजनाच्या किलोमागे ६ ते ७ ग्रॅम, म्हणजे ३७० ते ४३० ग्रॅम कार्ब हवेत. आणि रात्रीचा चोथा पहाटे आतड्यातच असतो, तो घाटात त्रास देतो. भाकरीत खोट काहीच नाही. तिची वेळ फक्त शनिवारी दुपारची करा. रात्री आठच्या आत मऊ भात (कच्चा तांदूळ दीडशे ग्रॅम, म्हणजे ११५ ग्रॅमच्या वर कार्ब), पातळ वरण, थोडं तूप, लिंबू. उसळ, ठेचा, कच्ची कोशिंबीर त्या रात्री नको.

पहाटे निघण्याआधी तासभर ५० ते ६० ग्रॅम कार्ब पोटात जाऊ द्या: दोन वेलची केळी आणि गूळ लावलेले पांढऱ्या ब्रेडचे दोन तुकडे. चहा घ्यायचा तर घ्या, त्यातल्या कॅफिनचा फायदाच होतो. पण काही जणांना गोड खाऊन ३०-४० मिनिटांनी पळायला लागल्यावर सुरुवातीलाच गळल्यासारखं होतं. इन्सुलिन वर असतानाच स्नायूही साखर ओढू लागतात, त्यामुळे ती तात्पुरती घसरते. तसं होत असेल तर एकतर पूर्ण तासभर आधी खा, नाहीतर निघता निघता शेवटच्या पाच मिनिटांत.

पळताना: तासाभराच्या आतल्या पळण्याला काही लागत नाही. सव्वादोन तासांना ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्ब लागतात. तुम्ही ४० पासून सुरुवात करा. पहिला घास पस्तिसाव्या-चाळिसाव्या मिनिटाला, भूक लागायची वाट बघायची नाही, कारण खाल्लेलं रक्तात उतरायला वेळ लागतो. तासगावचे बेदाणे २० ग्रॅम, म्हणजे लहान मूठभर, घेतले की १५ ग्रॅम कार्ब मिळतात. शनिवारी रात्रीच मोजून लहान पुड्या करून ठेवा. एका जेलमध्ये बहुधा २२ ते २५ ग्रॅम असतात, पण त्यावर दीडशे मिलिलिटर पाणी लागतंच, नाहीतर तो घट्ट पाक पोटातच बसून राहतो. ताकद दोन्हींची सारखीच. जेल चावावं लागत नाही, एवढाच त्याचा फायदा, आणि घाटात धाप लागलेली असताना तो खरा फायदा आहे. बेदाणे घ्यायचे तर वळणावर वीस-तीस पावलं चाला, चावा, मग पळा.

आणखी एक. या रस्त्याला चढ आधी आणि उतार नंतर. उतारावर पोट हिंदकळतं, तिथे खाणं अवघड. म्हणून निम्म्याहून जास्त खाणं माथ्यावर पोचेपर्यंत संपवा.

वेण्णाकाठ

वरचं सगळं पटलं. पाण्याचं मी लिहितो, कारण बरगडीखालची चमक बहुतेक तिथूनच येतेय. परत फिरल्यावर अर्धा लिटर एकदम प्यायचं आणि लगेच उतारावर पळायचं, म्हणजे भरलेलं पोट दर पावलाला आदळतं. दर १५ मिनिटांनी चार-पाच घोट, १०० ते १५० मिलिलिटर, एवढंच घ्या. चमक धरलीच तर वेग कमी करा, जिथे दुखतं तिथे बोटांनी दाबून किंचित पुढे वाका आणि श्वास लांब सोडा. कमरेचा पट्टा घट्ट असेल तर सैल करा.

किती प्यायचं ते स्वतःच्या घामावरून ठरवा. पळण्याआधी लघवी करून, कपडे काढून वजन करा. आल्यावर अंग पुसून पुन्हा. समजा ६२.० चं ६०.९ झालं आणि वाटेत अर्धा लिटर प्यायलात, तर घाम गेला १.६ लिटर, म्हणजे ताशी ७०० मिलिलिटर. तो सगळा पळतानाच भरून काढायची गरज नाही. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आसपास (तुमच्यासाठी सव्वा किलो) राहिली तर ठीक. ताशी ४०० ते ६०० मिलिलिटर पुरेल. घरी आल्यावर घटलेल्या दर किलोमागे सव्वा ते दीड लिटर, तीन-चार तासांत विभागून, खाण्यातल्या मिठासोबत.

ही मोजणी पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा करा. पावसात अंगावरचं पाणी घामाचं की सरीचं ते कळत नाही, हवा गार म्हणून तहान कमी लागते. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. पण भीतीपोटी रेसच्या वाटेवरच्या प्रत्येक पाण्याच्या टेबलावर दोन-दोन ग्लास साधं पाणी पिणंही तितकंच वाईट. पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं. रक्तातलं सोडियम घसरून डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, हे सगळं त्यातून होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. तीन तास लावणारे सावकाश धावक यात जास्त सापडतात.

बाटलीत घरचं सरबत भरा: एक लिटर पाणी, ५० ग्रॅम साखर (चहाचे १२ सपाट चमचे), मीठ सपाट पाव चमचा म्हणजे दीड ग्रॅम, अर्ध्या लिंबाचा रस. अर्ध्या लिटरच्या बाटलीतून २५ ग्रॅम कार्ब जातात, ते ताशी ४० मध्ये धरा. बेदाणे वेगळे आणि सरबत वेगळं असं दुहेरी घेतलंत तर पोट बिघडेल. साखर लिटरला ८० ग्रॅमच्या वर नको, घट्ट सरबत पोटातून पुढे लवकर सरकत नाही.

ओआरएसची पुडी जुलाबासाठी बनवलेली आहे. एका लिटरच्या पुडीत ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं, म्हणजे मीठ मिळतं पण पळायला ताकद नाही. घ्यायची तर पूर्ण लिटरभर पाण्यातच, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी कधीच नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी हे मीठ-साखरेचे आकडे आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावेत.

माणदेशी_ताई

घाटवाट दादा, पांढरा ब्रेड आवडत नसेल तर अडून बसू नका. तांदळाची पेज, त्यात चमचाभर गूळ आणि चिमूट मीठ, पहाटे पोटाला सगळ्यात हलकी. गूळ साखरेपेक्षा 'ताकदीचा' म्हणून जास्त घालू नका. दोन चमचे गुळातून लोह मिळतं ते थोडंच, बाकी साखरच.

आता नंतरच्या खाण्याचं. पळून आल्यावर पाच तास नुसत्या पोह्यांवर राहणं ही तुमची मोठी चूक. तासाभरात ६० ग्रॅम कार्ब आणि २० ग्रॅम प्रथिनं हवीत. ताटलीभर पोह्यांत कार्ब आहेत, प्रथिनं जेमतेम ४-५ ग्रॅम. सोबत दोन उकडलेली अंडी (१२) आणि २५० मिलिलिटर दूध (८) घेतलं की झालं. अंडी चालत नसतील तर दूध आणि ६० ग्रॅम फुटाणे. यवतेश्वरच्या उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यात बारीक इजा होते. सोमवार-मंगळवारी जिना उतरताना जे दुखतं ते हेच. त्याच्या दुरुस्तीला प्रथिनं लागतात.

दिवसभरात किलोमागे १.४ ते १.६ ग्रॅम धरा, म्हणजे तुम्हाला ८७ ते ९९. हे ताटातून निघतं का बघा: चार भाकऱ्या २४, पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ ११, वरण ६, अर्धा लिटर दूध १६, चाळीस ग्रॅम फुटाणे ८, मूठभर शेंगदाणे ७, वाटीभर दही ४, दोन अंडी १२. झाले ८८. पावडर लागत नाही. ज्या दिवशी डबा चुकला त्या दिवशी एक स्कूप घेतलात तरी बिघडत नाही. मटकीला कंटाळलात तर कोरेगावचा वाघ्या घेवडा आहेच, फक्त शनिवारी रात्री नको.

जिममध्ये कुणी पैलवानी खुराक सुचवेल. खाशाबा जाधवांचा हा जिल्हा, तालमीतल्या दूध-बदाम-तुपाला इथे मान आहे आणि तो असावाच. पण तो शेकडो जोर-बैठका काढून अंग भरणाऱ्यासाठी. २१ किलोमीटर पळणाऱ्याला त्यातलं तूप-बदाम कमी आणि भात-भाकरी जास्त लागते.

चहा जेवणाच्या आधी-नंतर तासभर लांब ठेवा, त्यातल्या टॅनिनमुळे भाकरी-उसळीतलं लोह नीट शोषलं जात नाही. लिंबू पिळलं तर उलट जास्त मिळतं. पळणाऱ्या बायकांनी हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावं, हिमोग्लोबिन बरं दिसत असतानाही साठा रिकामा असू शकतो. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय नकोत.

श्रावण सोमवार नेमका रविवारच्या दुसऱ्या दिवशी येतो, आणि साठे भरून निघायला हेच २४ तास लागतात. म्हणून श्रावणापुरतं लांब पळणं शनिवारी घ्या (भाताची रात्र मग शुक्रवारी). रविवारी पोटभर जेवा, सोमवारी विश्रांती. रविवारीच पळायचं असेल तर उपवासाला नुसत्या साबुदाण्यावर राहू नका, तो जवळजवळ सगळा स्टार्चच, प्रथिनं नावालाही नाहीत. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, रताळं, दूध, दही असं तीन वेळा खा. निर्जळी उपवास असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जोरात पळणं नकोच.

घाटवाट_सातारा

मनापासून आभार. या शनिवारी भात आणि पेज करून बघतो. दोन शेवटच्या शंका: रेसच्या दिवशी गर्दीमुळे बराच आधी मैदानावर जावं लागतं, तेव्हा खाण्याची वेळ कशी धरायची? आणि उतारावर मांड्या दुखू नयेत म्हणून काही जण आधीच वेदनाशामक गोळी घेतात, ती चालते का?

वेळ_आणि_वाटी

वेळ घरातून निघण्याची नाही, रेस सुटण्याची धरा. पेज घरी दीड-दोन तास आधी, एक केळं खिशात ठेवून सुटायच्या पाच मिनिटं आधी. टेबलावर वेगळ्या कंपनीचं जेल किंवा सरबत मिळालं तर घेऊ नका. जे तीन रविवार पोटाने मानलंय तेच खिशात असू द्या.

गोळी अजिबात नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, घामाने पाणी घटलेलं असताना तर जास्तच. शिवाय पोटाच्या अस्तराला त्रास. उतारासाठी मांड्या तयार करायच्या तर दहा-बारा दिवस आधी एकदा घाट मध्यम वेगाने उतरून घ्या. नंतरच्या उतारावर त्याच मांड्या कमी दुखतात.