परिचारिकेपासून रुग्णालयाच्या सीओओ पदापर्यंत : एमएस्सी करावे की एमबीए?

प्रश्न

नमस्कार. मी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागाची इन्चार्ज सिस्टर आहे. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी झाले आहे. नर्सिंग सुपरिंटेंडंटच्या पदावर न थांबता, खाटा, मनुष्यबळ आणि खर्चाचे निर्णय जिथे होतात तिथपर्यंत, म्हणजे सीओओसारख्या (चीफ ऑपरेटिंग ऑफिसर, दैनंदिन कारभाराचा प्रमुख) पदापर्यंत, पोहोचण्याची माझी मनापासून इच्छा आहे. एमएस्सी नर्सिंग करावे की हॉस्पिटल मॅनेजमेंटचे एमबीए? मुले लहान असल्याने दोन्ही जमणार नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

ताई, एमएस्सीमुळे अध्यापनाची आणि नर्सिंग विभागप्रमुखाची वाट मोकळी होते. प्रशासनात जायचे असेल तर एमबीए अधिक उपयोगी. पुण्यातच सिम्बायोसिसमध्ये हा अभ्यासक्रम आहे, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शिकवले जाते. मात्र प्रवेश घेण्याआधी वॉर्डाबाहेरची एखादी जबाबदारी मागून घ्या. डिस्चार्जचेच पाहा. सकाळच्या राउंडला डॉक्टर सुट्टी देतात आणि खाट रिकामी होते संध्याकाळी, कारण समरी टाइप झालेली नसते, उरलेली औषधे फार्मसीत परत गेलेली नसतात किंवा विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएची मंजुरी अडलेली असते. फाइल कुठे अडते हे इन्चार्ज सिस्टरइतके कोणालाच ठाऊक नसते, पण ती ते तोंडी सांगते आणि विषय तिथेच संपतो. प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून ठेवा आणि त्या उशिरामुळे किती रुग्ण कॅज्युअल्टीत ताटकळले हे मांडा, म्हणजे व्यवस्थापनाला तुमच्याशी बोलावेच लागेल.

उत्तर २

वरील मताशी मी अंशतःच सहमत आहे. नोंदी कितीही चांगल्या असल्या, तरी मोठ्या पदाच्या मुलाखतीला बोलावताना आधी पदवीच पाहिली जाते, हा अनेक सहकाऱ्यांचा अनुभव आहे. त्यामुळे एमबीए फार पुढे ढकलू नये. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयांचा विचार करत असाल, तर तिथे परिचारिकेची शिडी अधिपरिचारिका, परिसेविका आणि अधिसेविका अशी चढते, परंतु वैद्यकीय अधीक्षकाची खुर्ची डॉक्टरांचीच असते. लष्कराच्या नर्सिंग सेवेत, जिचे एक महाविद्यालय इथेच एएफएमसीमध्ये (सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात) आहे, परिचारिका मेजर जनरल या हुद्द्यापर्यंत जाते. तेही नेतृत्व शुश्रूषा सेवेचे असते, संपूर्ण रुग्णालयाचे नव्हे. इतक्या जबाबदारीच्या व्यक्तींना कारभाराच्या टेबलावर जागा नसावी, हे मला अन्यायकारक वाटते. तुमचे ध्येय खासगी क्षेत्रातच साध्य होण्याची शक्यता अधिक.

उत्तर ३

दोघांच्या म्हणण्यात एक भर. तुमच्या रुग्णालयात एनएबीएचची (रुग्णालयांच्या गुणवत्तेच्या राष्ट्रीय मानांकनाची) तयारी चालू असेल, तर क्वालिटी विभागात काम मागा. बेडसोअर, रुग्ण पडण्याच्या घटना, सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा) संसर्ग, औषधांच्या चुका यांच्या नोंदी मुळात परिचारिकाच ठेवतात, आणि त्या कामाच्या निमित्ताने लॅब, बिलिंग, स्टोअर, बायोमेडिकल अशा सगळ्या विभागांत तुमची ये-जा सुरू होते. अर्थसंकल्प वाचायला मात्र शिकावेच लागेल. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात तो भाग तोकडाच असतो. एक व्यावहारिक सूचना अशी की, नर्सिंग केडरमधून क्वालिटी किंवा ऑपरेशन्समध्ये जाताना नवे पदनाम, वेतनश्रेणी आणि तुम्ही कोणाला उत्तरदायी असाल हे लेखी घ्या, नाहीतर दोन्हीकडची कामे अंगावर पडतात आणि बढती एकाही बाजूने होत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरणही चालू ठेवा.