अळूच्या शिरा काढताना

वडीच्या अळूचं पान शिरा काढताना फाटतं का? बहुतेक सुरी बोथट असणार. टोमॅटोच्या सालीवर न दाबता चालली तरच ती अळूला घ्या. पान पुसून पूर्ण कोरडं करा आणि मागची बाजू वर येईल असं पोळपाटावर पसरा. सुरी जवळजवळ आडवी धरून देठाकडून टोकाकडे जाड शीर फक्त तासायची, पानाच्या पातळीत आली की थांबायचं. मग वरून लाटणं हलकंसं फिरवा, गुंडाळी घट्ट बसते.

हाताला आधी तेल लावाच. खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते, म्हणून पिठात चिंचेचा कोळ भरपूर हवा. श्रावणात कोवळी पानं मिळतात, तेव्हा नक्की करून बघा!