मारबतीत नाचला म्हणजे कंबर धडधाकट?

बुटीबोरीवाला: आमच्याकडचा लोडिंगचा माणूस. कंबर गेली म्हणून नुकसानभरपाईचा दावा ठोकला, अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या मारबत मिरवणुकीत पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यापुढे नाचतोय! व्हिडिओ आहे माझ्याकडे. अशांना दमडी देऊ नये.

जुना_लाल_बावटा: व्हिडिओ किती सेकंदांचा ते आधी सांगा भाऊ. मागचं-पुढचं कापलं असेल तर उलटतपासणीत तुमचीच फजिती होईल. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात (2025 मध्ये तो जाऊन नवी संहिता आली) अंगठा गेला तर 30 टक्के, असं यादीत ठरलेलं होतं. कंबर त्या यादीत नव्हती. तिथं कमाईची ताकद किती घटली हे डॉक्टर सांगतो. नाचता येतं का, हे विचारतच नाहीत. दिवसभर पोती उचलता येतात का, हे विचारतात. 1975 मध्ये डावा हात गेलेल्या सुताराला सुप्रीम कोर्टानं 100 टक्के धरलं. उजवा शाबूत होता ना त्याचा? अन् अपघाताची नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत फुकट तपासणी करून घ्यायचा हक्क मालकाला असतो. काऊन नाही केली?

बुटीबोरीवाला: नोटीस कुठं दिली त्यानं? पडला त्या दिवशी सुपरवायझरला तोंडी सांगून घरी गेला.

जुना_लाल_बावटा: झालं! म्हणजे अपघात तुम्हाला माहीत होता. मग नोटीस नसली तरी दावा अडत नाही, तो मुद्दा इथंच खलास.

कॉटन_मार्केट: ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत होते का त्याचं? कापत असतील तर हा दावाच लागत नाही, पैसे तिकडून.

बुटीबोरीवाला: तो ठेकेदाराचा माणूस आहे.

कॉटन_मार्केट: घ्या! मघाशी ‘आमच्याकडचा’, आता ठेकेदाराचा. त्या 1923 च्या कायद्याचं कलम 12 वाचा राजेहो, आधी मूळ मालकानं, म्हणजे तुम्ही द्यायचं, मग ठेकेदाराकडून वसूल करत बसा.

बुटीबोरीवाला: तुम्ही एकदा कारखाना चालवून दाखवा, मग कलमं शिकवा. डॉक्टरचे दाखले कसे मिळतात ते आम्हाला विचारा.

हिंगणा_टी_पॉइंट: अन् मालकांचे जबाब कसे लिहिले जातात ते मला विचारा. माझ्या बाबांची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. ‘दारू पिऊन मशीनवर होता’ असं लिहून दवाखान्यातच सही घेतली. बाबा माळकरी! चहासुद्धा घेत नाहीत. दारू सिद्ध झाली की असल्या जखमेचे पैसे बुडतात, म्हणून ते वाक्य. शेवटी गावच्या भजनी मंडळाला साक्षीला उभं करावं लागलं.

जुना_लाल_बावटा: गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणूनचं झाकण, काढलेलं होतं का प्रेसचं?

हिंगणा_टी_पॉइंट: साहेबांनीच काढायला लावलं होतं. माल निघत नाही म्हणे.

कॉटन_मार्केट: खोटे दावे करणारेही असतात हं, लाल बावटेवाले. आमच्या चाळीतच एक आहे.

जुना_लाल_बावटा: असतील. म्हणून सगळ्यांच्या मागं कॅमेरा घेऊन फिरायचं?

बुटीबोरीवाला: बरं बाप्पा, तुम्ही सगळे हायकोर्टाचे जज. करतो त्याची तपासणी. पण डॉक्टर मी निवडणार.