मदत हवी आहे: माध्यम-साक्षरता शिकून मुलांना नेमकं काय येतं?

चाफेकळी:
नववीसाठी माध्यम आणि माहिती साक्षरतेच्या आठ तासिका आखायच्या आहेत. उद्दिष्टांत 'चिकित्सक वृत्ती वाढीस लागते' असं आहे, पण ते मोजणार कसं? शेवटी मुलांना काय करून दाखवता यायला हवं?

तळटीप:
अनोळखी संकेतस्थळ दिसलं की त्या पानातून बाहेर पडता यायला हवं. मुलं 'आमच्याविषयी' वाचत बसतात, मांडणी बघतात, पत्त्याच्या शेवटी डॉट ओआरजी दिसलं की निर्धास्त. ते नाव कोणीही विकत घेऊ शकतं. नवा टॅब उघडून, चालवणाऱ्या संस्थेबद्दल बाकीचे काय लिहितात ते बघायचं. २०१७ साली स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांची तुलना केली. तपासनीस चटकन पान सोडून बाहेर शोधायला गेले. पीएचडीवाले इतिहासतज्ज्ञ मात्र तिथेच वाचत राहिले आणि बरेचदा चकव्यात आले.

चाचणी सोपी आहे: एक पान, पाच मिनिटं, दोन ओळींत 'कोण चालवतं, पैसा कुठून येतो'. नंतर ब्राउझरची हिस्टरी बघा. दुसरीकडे गेलेच नसतील, तर उत्तर बरोबर असलं तरी गुण देऊ नका.

भिंग:
फोटोवरून शोध घेणं शिकवाच. मुलं अख्खा स्क्रीनशॉट टाकतात, मग त्यातल्या मजकुरामुळे शोध भरकटतो. आधी फक्त चित्राचा भाग कापून घ्यायला लावा. टिनआय या फोटोवरून शोधणाऱ्या संकेतस्थळावर सर्वांत जुना आधी असा क्रम लावता येतो. गेल्या पुराचा फोटो यंदाचा म्हणून फिरत असेल तर तिथे पकडला जातो. मात्र ती तारीख चित्र शोधयंत्राला पहिल्यांदा दिसल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. आणि काहीच सापडलं नाही म्हणून फोटो खरा ठरत नाही: एआयने आत्ताच बनवलेलं चित्र जुन्या साठ्यात कुठून असणार?

आकडेमोड्या:
एक तासिका आकड्यांना. 'धोका दुप्पट' वाचलं की 'किती होता, किती झाला?' हे तोंडून आपोआप यायला हवं. दहा हजारांत एकाचे दोन झाले तरी दुप्पटच. स्तंभालेखाचा अक्ष ९० पासून सुरू करा, ९६चा स्तंभ ९२च्या तिप्पट उंच दिसेल. मुलांना स्वतः काढू द्या, बघण्यापेक्षा काढताना जास्त कळतं.

चाफेकळी:
खूप आभार! नमुने सगळे खोटेच घ्यायचे ना?

तळटीप:
अजिबात नको. दुसऱ्याच तासाला मुलं ओळखतात की 'खोटं' लिहिलं की गुण मिळतात, आणि मग खरी बातमीही उडवून लावतात. बारा नमुन्यांत निम्मे खरे ठेवा, त्यातले एक-दोन खरे असून अशक्य वाटणारे. खऱ्याला खोटं म्हटलं तरी तितकेच गुण कापा. उत्तरपत्रिकेत 'कशावरून?' हा रकाना हवाच, तो रिकामा असेल तर पुढचं तपासूच नका.