उ. : अभिलेखागारातल्या फेलोशिपला मोडी लिपी हवीच का?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की एम.लिब. (ग्रंथालयशास्त्रात पदव्युत्तर) झालेल्याला जुनी कागदपत्रं जपणाऱ्या अभिलेखागारात स्कॅनिंगशिवाय कुणी काम देत नाही. अर्धं पटलं. पण आपला अभ्यासक्रमही अर्धवट पडतो, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. एका दफ्तरखान्यात दोन महिने विद्यावेतनावर होते. पहिल्याच आठवड्यात एक रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) सोडला आणि सवयीने कागद विषयवार लावून टाकले. जमाखर्च इकडे, पत्रं तिकडे. तिथल्या काकांनी कपाळाला हात लावला! ग्रंथालयात पुस्तक कुठेही हलवलं तरी पुस्तकच राहतं. इथे कागद ज्या क्रमाने दफ्तरात आले तो क्रमच पुरावा. सगळं पूर्ववत लावायला तीन दिवस गेले.

मोडीचं म्हणाल तर लिपी येऊनही मी तारखांना अडले. 'छ' (चांद्र तारखेची खूण), त्यापुढे आकडा आणि रजब, जिल्काद असा महिना, सनही अरबी. जंत्री (तारखा जुळवायची कोष्टकं) घेऊन बसल्याशिवाय सूचीत इसवी तारीख भरता येत नाही. त्यामुळे पुण्यात पेशवे दफ्तराच्या (पेशवेकालीन कागदांच्या संग्रहाच्या) आसपास काही करायचं असेल तर अर्जाआधी पुराभिलेख संचालनालयाचा मोडीचा वर्ग आणि जंत्री, दोन्ही उरकून घ्या. डीडीसीचं (पुस्तकांच्या दशांश वर्गीकरणाचं) नंतर बघू.