टायटल्समध्ये नाव नसलेल्या नटीची चित्रपटसूची कशी उभी करायची? (१९३८ ते १९५५)

सीताबर्डी_वाचक

नमस्कार मंडळी. नागपूरच्या एका नटीची चित्रपटसूची करायला घेतली आहे. १९३८ ते १९५५ या काळात तिने मराठी-हिंदी चित्रपटांत किरकोळ कामं केली. कुठे सखी, कुठे दासी, लग्नघरातली बाई, समूहनृत्यात मागची ओळ. टायटल्समध्ये एकदाही नाव नाही. घरच्यांची इच्छा नसल्यामुळे तिचं नाव इथे देत नाही.

हाताशी मानधनाच्या ९ पावत्या आहेत, ११ फोटो आहेत (४ फोटोंच्या पाठीवर शिक्का) आणि गाण्यांच्या २ चोपड्या (चित्रपटासोबत विकली जाणारी, गाणी आणि नटांची नावं असलेली पुस्तिका). पावत्यांवर चित्रपटांची जी नावं आहेत, त्यातली ३ कुठल्याच यादीत सापडत नाहीत. चित्रपट पाहताना नेमकं काय टिपायचं? चेहरा तिचाच आहे हे कशावरून ठरवायचं? आणि पावती आहे पण पडद्यावर ती दिसत नाही, असा चित्रपट सूचीत घ्यायचा का?

रीळ_नंबर_७

आधी पावत्या. न सापडणारी ३ नावं बहुतेक चित्रीकरणाच्या वेळची तात्पुरती नावं असणार. प्रदर्शनाच्या वेळी नाव बदलणं तेव्हा सर्रास चाले. म्हणून नावावरून न शोधता निर्मितीसंस्था आणि तारीख यांवरून शोधा. पावतीच्या तारखेपासून पुढच्या दीड-दोन वर्षांत त्या संस्थेचे कोणते चित्रपट लागले, एवढी यादी काढली तर दोन-चारच नावं उरतात. बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकात (१९३५ पासून) सेटवर असलेल्या चित्रपटांच्या बातम्या येत. त्याचे बरेच अंक इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात.

मग पावती महिन्याची आहे की दिवसाची, ते पाहा. माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. तीसच्या दशकात प्रभातसारख्या कंपनीत माणसं पगारी असत. महिन्याची पावती असेल तर ती नटी त्या काळात कंपनीच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात गर्दीत उभी राहिलेली असू शकते, त्यामुळे त्या वर्षांतले सगळे चित्रपट पाहावे लागतील. युद्धाच्या काळात आणि त्यानंतर कंपन्या मोडल्या आणि एक्स्ट्रा सप्लायरमार्फत (गर्दीसाठी माणसं पुरवणारा) रोजावर कामं सुरू झाली. तशा पावतीवरून फक्त एका दिवसाचं काम कळतं. आज दादरला, उद्या परळला, परवा गोरेगावला.

दोन भाषांचं विसरू नका. प्रभातचे बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी असे दोन्ही निघाले: ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (१९३९), ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ (१९४१). एका आवृत्तीत दिसली म्हणून दुसरी गृहीत धरू नका. ‘शेजारी’तल्या केशवराव दात्यांच्या जागी ‘पडोसी’त मझहर खान आले. मुख्य नटच बदलत होते, तर गर्दीतली माणसंही बदलू शकतात. दोन्ही आवृत्त्या स्वतंत्रपणे पाहायच्या.

आता पाहणं. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने मिनिटाला ९० फूट चालते. सेन्सॉरच्या त्या काळच्या नोंदीत लांबी फुटांत असते, तिला ९० ने भागा. १३,५०० फूट म्हणजे १५० मिनिटं. तुमच्याकडची फाइल सेकंदाला २५ फ्रेमची असेल (व्हीसीडी-डीव्हीडीवरून काढलेल्या पुष्कळ असतात), तर तोच पूर्ण चित्रपट १४४ मिनिटांत संपेल आणि एक फूटही कापलेला नसेल. पण फाइल १२८ मिनिटांची निघाली, तर मूळ वेगाने ती १३३ मिनिटं, म्हणजे १२,००० फूट. दीड हजार फूट गायब. काटछाट करणारे नेमकी समूहगीतं आणि लग्नाचे प्रसंग उडवतात, आणि तुमची नटी तिथेच असायची. अशा फाइलवरून ‘या चित्रपटात ती नाही’ असं कधीही लिहू नका.

त्यामुळे नोंदीत फक्त मिनिट-सेकंद देऊन भागत नाही, दुसऱ्या प्रतीत तो आकडा जुळणार नाही. कोणतं गाणं, कितवा अंतरा, कॅमेऱ्याच्या बाजूने डावीकडून कितवी, अंगावर काय, असं लिहा. व्हीएलसी या प्लेअरमध्ये इंग्रजी ‘ई’चं बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते.

धंतोली_दालन

चेहऱ्याबद्दल. पहिली कसोटी कान. मेकअपने भुवया बदलतात, तीळ झाकला जातो, गंगावन लावलं की केसही बदलतात. कानाची पाळी सुटी आहे की गालाला चिकटलेली, हे बदलत नाही. त्या काळी केस कानांवर घेत, म्हणून कान दिसला नाही तर कपाळावरची केसांची कड, दातांची ठेवण आणि नाकपुडीचा आकार बघा. यांतल्या निदान तीन खुणा जुळल्याशिवाय ‘तीच’ म्हणू नये. चेहरे जुळवणाऱ्या ॲपवर विसंबू नका. मागच्या ओळीतल्या चेहऱ्यात इतके थोडे ठिपके असतात की ॲप कुणाशीही जुळवून देतं.

साडी आणि दागिन्यांवरून ओळखू नका. हॉलिवूडमध्ये ‘ड्रेस एक्स्ट्रा’ स्वतःचे उंची कपडे घेऊन येत आणि त्याचे जास्त पैसे मिळत, त्यामुळे बेस फ्लॉवर्ससारख्या नटीचा एखादा गाऊन वेगवेगळ्या स्टुडिओंच्या चित्रपटांत शोधण्यात अर्थ असतो. आपल्याकडे पौराणिक-ऐतिहासिक पोशाख कंपनीचे किंवा ड्रेसवाल्याचे. तोच शालू पुढच्या चित्रपटात दुसरीच्या अंगावर असतो. शिवाय तिकडे १९२५ पासून सेंट्रल कास्टिंग नावाचं एकच कार्यालय एक्स्ट्रांची भरती करत होतं. मुंबईत सगळं सप्लायरांच्या वह्यांवर चाले, म्हणून इथे डोळ्यांवर जास्त भार येतो.

फोटो स्कॅन करताना ६०० डीपीआय ठेवा आणि पाठीमागची बाजूही स्कॅन करा. शिक्का फोटोग्राफरचा आहे की कंपनीचा, आणि पेन्सिलीने आकडा घातला आहे का, ते पाहा. त्याच चित्रपटाच्या इतर स्थिरचित्रांवर (प्रसिद्धीसाठी काढलेले फोटो) तशाच क्रमांकांची मालिका सापडली तर चित्रपट नक्की होतो. कंपनीचा नुसता शिक्का एवढंच सांगतो की फोटो त्यांच्याकडे काढला.

सीताबर्डी_वाचक

दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका. २ फोटोंत पदर उजव्या खांद्यावर आहे. हे फोटो उलटे छापले गेले असतील का? आणि या कामासाठी नागपुरातच काही पाहण्यासारखं आहे, की थेट पुणं गाठायचं?

धंतोली_दालन

नुसत्या पदरावरून उलटं म्हणू नका. आपला पदर डाव्या खांद्यावर असतो, पण गुजराती पद्धतीचा सरळ पदर उजव्या खांद्यावरूनच पुढे येतो आणि हिंदी चित्रपटांत तो भरपूर दिसतो. नथ पाहा, आपल्याकडे ती डाव्या नाकपुडीत. शेजारी कोट घातलेला पुरुष असेल तर त्याच्या कोटाचं डावं पान वर हवं. मागे पाटी असली तर प्रश्नच मिटला. फोटो उलटा निघाला तर स्कॅन सरळ करूनच कान जुळवा, नाहीतर उजव्या कानाची तुलना डाव्याशी होईल.

महाल_जुने_अंक

नागपुरात पाहण्यासारखं आहे, पण त्याचा उपयोग मर्यादित. ‘तरुण भारत’, ओगल्यांचा ‘महाराष्ट्र’ आणि इंग्रजी ‘हितवाद’ यांच्या जुन्या अंकांत टॉकीजच्या जाहिराती आहेत. त्यांत किरकोळ नट्यांची नावं मिळणार नाहीत. चित्रपटाचं पर्यायी नाव, वितरक आणि ‘शंभर तरुणींचं नृत्य’ अशा छापाचा मजकूर मिळतो. मोठं समूहनृत्य कोणत्या चित्रपटात आहे, हे त्यावरून कळतं.

तारखेला मात्र जपा. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी आणि वितरणाच्या हिशेबात हाच प्रांत, सी.पी.-बेरार, हे वेगळं सर्किट (वितरणक्षेत्र). प्रती मोजक्या असल्यामुळे मुंबईत लागलेला चित्रपट इथे पुष्कळ उशिरा येई. नागपूरच्या जाहिरातीची तारीख ती प्रदर्शनाची तारीख, असं धरून पावती जुळवली तर हिशेब चुकतो.

पुण्याला लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) जायचंच आहे, पण आधी लेखी कळवून जा. चित्रपटांची यादी पाठवा आणि प्रत्येकासाठी चोपडी, स्थिरचित्रं आणि पाहण्याजोगी प्रत, असं तिन्ही वेगवेगळं विचारा. चित्रपट नष्ट झालेला असला तरी चोपडी असू शकते. जानेवारी २००३ च्या आगीत पुण्यात साठवलेल्या जुन्या, चटकन पेटणाऱ्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. कोल्हापूरच्या कंपन्यांची कागदपत्रं मिळाली नाहीत तर निराश होऊ नका. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत, १९४८ मध्ये, भालजी पेंढारकरांचा तिथला स्टुडिओच जळाला होता.

रीळ_नंबर_७

पावती आहे पण ती दिसत नाही, याचं एक ठोस कारण राहिलं. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मचा तुटवडा होता आणि सरकारने चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घातली. म्हणजे १२२ मिनिटं. त्यात बसवताना पहिली कात्री गर्दीच्या प्रसंगांना लागे. तुमच्या पावत्या १९४३-४५ च्या असतील तर काम केलं, पैसे मिळाले आणि पडद्यावर आलीच नाही, हे अगदी शक्य आहे.

चोपडीवाला

नावांची खबरदारी घ्या. ‘सुलोचना’ एवढंच वाचून ठरवलं तर मूकपटांच्या काळातल्या रूबी मायर्स, आपल्या सुलोचना लाटकर आणि गायिका सुलोचना कदम (पुढे चव्हाण) यांची सरमिसळ होते. ललिता पवार सुरुवातीला ‘अंबू’ होत्या. नामांकित बायकांची ही गत, तर शांता, लीला, कमला नावाच्या एक्स्ट्रांचं काय होत असेल! चोपडीतला उर्दू आणि गुजराती मजकूरही कुणाकडून वाचून घ्या. नटांच्या यादीत शेवटी ‘वगैरे’ असतं, पण एखाद्या भाषेच्या पानावर जागा उरली की तिथे दोन-तीन नावं जास्त छापलेली सापडतात.

सूचीत प्रत्येक नोंदीपुढे पुराव्याची श्रेणी लिहा. ‘अ’ म्हणजे कागद आहे आणि पडद्यावरही दिसली. ‘ब’ म्हणजे फक्त दिसली, खुणा जुळतात. ‘क’ म्हणजे फक्त कागद. पावतीवाले न दिसणारे चित्रपट ‘क’मध्ये ठेवा, वगळू नका. तिने ते काम केलं आहे. फक्त ‘क’ची नोंद ‘भूमिका’ या रकान्यात न घालता ‘चित्रीकरणात सहभाग’ अशी करा. ‘ब’ची प्रत्येक नोंद फोटो आणि फ्रेम शेजारी ठेवून आणखी एका जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, आणि त्याला आधी तुमचं मत सांगू नका.

विकिपीडियावर ‘ब’ आणि ‘क’ टिकणार नाहीत, तिथे प्रकाशित, विश्वासार्ह आधार मागतात. आधी एखाद्या मासिकात पुराव्यांसह लेख येऊ द्या. घरच्यांची नावाला हरकत असेल तर, तिने कामासाठी वेगळं नाव घेतलं असल्यास, सूचीत फक्त तेच द्या.

सीताबर्डी_वाचक

पावत्या पुन्हा पाहिल्या. ४ महिन्याच्या आहेत, ५ रोजाच्या. न सापडणाऱ्या तिन्ही नावांच्या पावत्या रोजाच्या आहेत आणि त्यातल्या २ १९४४ च्या. त्या संस्थांची १९४४ ते ४६ ची यादी काढून इथेच टाकतो.